ती जेवली केव्हा?

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बंदुका, नाहीतर सुसाट गाड्या. पोरांचा नाद आणि अभ्यासाची वाट! पण गेली वीस-बावीस वर्षं या खेळांत एक वेगळीच जात आहे. त्यात बंदूक नाही, गाडी नाही. आहे ते हॉटेल. गिऱ्हाईक येतं. त्याला बसवायचं, काय हवं ते विचारायचं, आत सांगायचं, ताट नेऊन द्यायचं, पैसे घ्यायचे, खरकटं उचलायचं. की पुढचं गिऱ्हाईक हजर. आणि गंमत म्हणजे हे खेळ खेळणाऱ्यांत बायका भरपूर. आता मला सांगा, दिवसभर स्वयंपाकघरात राबलेली बाई जरा विरंगुळा म्हणून काय करते, तर पुन्हा वाढप?

या विषयावर बोलायचा माझा अधिकार दुहेरी आहे, हे आधीच सांगते. एक म्हणजे अमडापूरला रस्त्याच्या कडेला आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे राहायचं नव्हे हं! आपल्याकडचं हॉटेल. पोहे, आलूबोंडा, मिसळ, चहा, आणि आधी सांगून ठेवलं तर दुपारी बेसन-भाकरीचं ताट. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी त्या भट्टीपाशी उभी आहे, याला आता पंचवीस वर्षं झाली. दुसरं म्हणजे आमच्या घरात हे खेळ इतके खेळले गेले आणि त्यांच्यावर इतकी मतं पडली, की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात पडली नसतील.

सुरुवात केली पुतण्याने. पुण्याला इंजिनीअरिंगला होता. दिवाळीच्या सुटीत संगणक घेऊन आला आणि घरातल्या बायकांची करमणूक म्हणून त्याने ‘डायनर डॅश’ लावून दिला. अमेरिकेत गेमलॅब नावाच्या मंडळींनी तयार केलेला, प्लेफर्स्ट कंपनीने २००३-०४ च्या सुमारास बाजारात आणलेला हा खेळ. तेव्हा असे खेळ तासभर फुकट खेळायला मिळायचे, पुढे खेळायचं तर वीसेक डॉलर मोजा. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी तो फुकटचा तास कसा पुरवून पुरवून आठवडाभर वापरला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!

खेळातल्या बाईचं नाव फ्लो. शेअर बाजाराशी संबंधित कचेरीतली नोकरी. कामाच्या ओझ्याला विटते, नोकरीला रामराम ठोकते आणि एक मोडकळीला आलेलं हॉटेल चालवायला घेते. एवढीच गोष्ट. मग आपण माऊसने तिला पळवायचं. तिला हात दोनच, म्हणून एका वेळी दोनच गोष्टी उचलता येतात. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर लाल बदाम असतात. उशीर होईल तसा एकेक बदाम गळतो. सगळे संपले की गिऱ्हाईक तरातरा उठून जातं. कचेरीतल्या घाईच्या बायका पटकन चिडतात पण बक्षिशी चांगली देतात. म्हातारी माणसं दम धरतात पण हात आखडता. एकाच प्रकारचं काम ओळीने केलं, म्हणजे सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम घेतल्या, सगळ्यांची बिलं एकदम केली, तर जास्त गुण मिळतात.

हे शेवटचं वाचून मी मनापासून हसले. हे शिकवायला खेळ कशाला? पहाटे आधी सगळे बटाटे उकडून सोलून घ्यायचे, मग सगळी मिरची, मग सगळा सांबार निवडायचा (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), हे कोणत्याही घरातल्या बाईला आजी शिकवते. एक बटाटा सोलला, एक मिरची चिरली असं काम करणारी बाई सकाळची बस गाठूच शकत नाही.

बदामांचं म्हणाल तर ते आमच्या गिऱ्हाइकांच्याही डोक्यावर असतात. दिसत नाहीत, पण कळतात. बस थांबली की ड्रायव्हरचे तीन, कंडक्टरचे दोन. कॉलेजची पोरं आलूबोंडा मागतात आणि तेलात घाणा पडायच्या आत “काकू, झालं का” सुरू. गावातले आजोबा लोक मात्र अर्ध्या चहावर अख्खा पेपर वाचतात आणि मग तो शेजारच्याला वाचून दाखवतात. त्यांचे बदाम काही केल्या गळत नाहीत. खेळवाल्यांनी माणसं ओळखली आहेत, एवढं मी पहिल्याच दिवशी मान्य केलं.

जाऊबाईंचं मत पहिल्यापासून एकच. “डोकं शांत होतं.” खेळात गिऱ्हाईक चिडलं तरी शेवटी आकडा समोर येतो. इतके कमावले, पास झालीस, पुढच्या घरात जा. “आपल्याकडे कोण सांगतं आज पास झालीस म्हणून?” असं त्या म्हणाल्या होत्या. मला ते फार लागलं होतं, कारण जाऊबाई अशा बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

पुतण्याला मात्र ‘डायनर डॅश’ अगदीच बाळबोध वाटायचा. “काकू, हे काय मॅनेजमेंट आहे? नुसतं टिकटिक करायचं.” त्याचा आवडता खेळ वेगळा. ‘रेस्टॉरंट एम्पायर’. हाँगकाँगच्या एनलाइट कंपनीचा, २००३ मधला. त्यात आर्मां नावाचा तरुण आचारी पॅरिसला येतो, काकाचं हॉटेल ताब्यात घेतो आणि मग रोम, लॉस एंजेलिस असं वाढवत एका बड्या कंपनीशी टक्कर देतो. तिथे पदार्थ निवडायचे, भाव ठरवायचे, आचारी-वेटर नेमायचे, त्यांचे पगार ठरवायचे, टेबल कुठे ठेवायचं, भिंतीला रंग कोणता हेसुद्धा आपणच. पुतण्या तासन् तास त्यात रमायचा. तक्रारीही चिक्कार. म्हणे स्वयंपाकघराची तुकडी वाढवली तरी गर्दीत ताटं वेळेवर जात नाहीत, म्हणे गिऱ्हाईक विनाकारण नाराज होतं. त्याच्या मित्रांचेही यावर रात्र-रात्र वाद चालायचे.

मी दोन्ही खेळ पाहिले. माझ्या डोळ्यांत भरलं ते निराळंच. आर्मां हॉटेलचा मालक, आणि फ्लोसुद्धा मालकच. पण आर्मांच्या खेळात आपण वरून सगळं हॉटेल बघतो. खुर्च्या हलवतो, पगार ठरवतो. सगळ्या खेळात मी काही त्याला खरकटं ताट उचलताना पाहिलं नाही. फ्लोच्या खेळात मालकीणच पळते. शिवाय त्याला हॉटेल काकाकडून आयतं मिळालं, हिने मोडकं घेऊन उभं केलं. आणि लोकांची मतं बघा! आर्मांचा खेळ म्हणजे डोक्याचा, व्यवस्थापनाचा. फ्लोचा म्हणजे टाइमपास, बायकांचा. टिकटिक.

आता आमच्या हॉटेलात या. दारातून आत आलात की डावीकडे गल्ला. तिथे आमचे हे बसतात. मागे पडद्याआड भट्टी. तिथे मी. बसतात म्हटलं म्हणून गैरसमज नको. पहाटे चारला उठून दूध आणणं, खामगावहून माल आणणं, पाण्याची टाकी भरून घेणं, सगळं त्यांच्याकडे. आळशी माणूस नव्हे. पण “हॉटेल कोण चालवतं?” असं गावात कोणालाही विचारा, बोट गल्ल्याकडेच जाईल. पाटीवर नाव त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं. मी फ्लोचा खेळ खेळते आणि हिशेब आर्मांच्या खेळाने मांडला जातो, हे मला पुतण्याच्या संगणकावर दिसलं ते दिसलंच.

सासूबाई त्या दिवाळीत हयात होत्या. त्यांना पडद्यावरचं फारसं दिसायचं नाही, पण जाऊबाईंच्या शेजारी बसून असायच्या. एकदा बराच वेळ ते पळणं बघितलं आणि मला म्हणाल्या, “काहून वं, एवढ्यायले जेवू घातलं हिनं, मंग थे जेवली कवा?”

सगळे हसले. मीही हसले. पण इतक्या वर्षांत या खेळांबद्दल जेवढी मतं ऐकली, त्यांत मला हेच सगळ्यात वजनाचं वाटतं. खरंच, फ्लो कधी जेवतच नाही. तिच्या खेळात सगळ्यांच्या भुकेला घड्याळ आहे, फक्त तिच्या भुकेला नाही. आणि सासूबाईंनी हे विचारावं याचं मला नवल वाटलं नाही. त्या स्वतः आयुष्यभर सगळ्यांची पानं उठल्यावर, चुलीपाशी, कढईतच भाकरी पुसून जेवल्या.

मग फेसबुकचा जमाना आला. २००९ मध्ये प्लेफिशचा ‘रेस्टॉरंट सिटी’ आणि झिंगाचा ‘कॅफे वर्ल्ड’, दोन्ही एकाच वर्षात. ‘रेस्टॉरंट सिटी’मध्ये आपल्या ओळखीच्याच माणसांना आचारी, वेटर, झाडूवाले म्हणून कामाला ठेवायचं! माझी नणंद नाशिकला असते. भाच्याने माझं खातं उघडून दिलं होतं, आणि हिने मला थेट आपल्या हॉटेलात झाडायला ठेवलं. वन्सं भेटल्या की सांगायच्या, “वहिनी, तुम्ही माझ्याकडे फार छान काम करता हो.” म्हणजे इथेही बिनपगारीच! ‘कॅफे वर्ल्ड’मध्ये शिजवलेलं वेळेवर उतरवलं नाही तर नासतं. लोक रात्री गजर लावून उठायचे, खोटं अन्न उतरवायला. आमच्या वन्संही उठायच्या. घरचं दूध मात्र दोनदा उतू गेलं, असं भावजी सांगतात.

हसण्यावारी नेऊ नका. या खेळांतलं कष्टाचं नातं खरं असतं. ‘रेस्टॉरंट सिटी’ २०१२ मध्ये बंद झाला, ‘कॅफे वर्ल्ड’ २०१४ मध्ये. कंपनीने ठरवलं, संपलं. ज्यांनी दोन-तीन वर्षं रोज थोडं-थोडं करून आपलं हॉटेल सजवलं, त्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यांच्या नावावर मुळात काही नव्हतंच ना! वन्संना त्या दिवसांत कोणी विचारलं, तर त्या म्हणायच्या, “खेळच तो, त्याचं काय एवढं.” पण फोनवर आवाज बसलेला असायचा.

या बाबतीत आपल्याकडच्या खऱ्या बायकांची आठवण होते. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या. घाटावरून, कोकणातून आलेले गिरणी कामगार घरच्यांना गावी ठेवून खोल्यांत राहायचे आणि जेवायला या बायांकडे. एकेक बाई दहा-वीस माणसांची दोन वेळची जेवणं करायची. पैसे महिन्याने, गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर धान्य उधारीवर, किंवा सावकाराच्या पैशाने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांना सरकारी बँकेतून कर्ज मिळवून दिलं. तारण काही नव्हतं, बायाच एकमेकींना जामीन राहिल्या. माझ्या दृष्टीने त्यातली कर्जाची रक्कम ही दुय्यम गोष्ट. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं नाव व्यवसाय करणारी म्हणून बँकेच्या कागदावर आलं, ही मोठी. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवायला येणारी माणसंच गावाकडे परतू लागली. हा धक्का कोणत्या खेळात आहे? खेळात गिऱ्हाईक रुसतं, पण रांग कधी संपत नाही.

आमच्याकडे ती संपलेली आम्ही पाहिली. २०२० चा मार्च. पोरगी दहावीला होती. आठवत असेल, भूगोलाचा पेपर तेवढा राहिला आणि पुढे रद्दच झाला. सगळं बंद. हॉटेलचं शटर खाली, भट्टी गार. रस्त्यावर कुत्रं नाही. आणि पोरगी ओट्यावर बसून मोबाईलवर हॉटेल चालवतेय! ‘कुकिंग फीव्हर’. लिथुआनियातल्या नॉर्डकरंट कंपनीचा, २०१४ पासूनचा. त्यात बर्गरचं दुकान आहे तसं एक भारतीय हॉटेलही आहे. तिच्या हॉटेलापुढे ही गर्दी. तिच्या बाबांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “बंद कर ते.” रागाने नाही म्हणाले. त्यांना ती रांग बघवली नाही.

पोरीचं या खेळांबद्दलचं मत आमच्या सगळ्यांपेक्षा कडक आहे. तिचं म्हणणं, जुने खेळ एकदा विकत घेतले की आपले. हे मोबाईलवरचे फुकट म्हणून येतात आणि मग पावलोपावली पैसे मागतात. चांगली कढई हवी? हिरे लागतील. मोठा तवा हवा? हिरे. हिरे खेळून मिळतात, पण मुंगीच्या पावलाने. घाई असेल तर खरे पैसे टाका. “आई, ह्यात गिऱ्हाईक तो समोर उभा नाही. गिऱ्हाईक मीच आहे,” असं ती मला म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे बघत राहिले. सोळा वर्षांची होती.

अशा खेळांच्या धंद्यात आपली माणसंही मागे नाहीत. ‘स्टार शेफ’ हा हॉटेल चालवण्याचा खेळ २०१४ मध्ये ज्या नाइन्टीनाइन गेम्सने काढला, ती कंपनी कुठली असेल? उडुपीची! ज्या गावच्या लोकांनी मुंबई-पुण्याला इडली-डोसा खायला शिकवलं, त्याच गावातून हॉटेलचा खेळ जगभर गेला. मला याचं फार कौतुक वाटतं. आता आमच्या वऱ्हाडातल्या कोणी पोरांनी मनावर घ्यावं आणि आपल्या हॉटेलाचा खेळ काढावा. मी माहिती द्यायला तयार आहे.

त्यात पहिली गोष्ट घाला, उधारीची वही. मी जे जे खेळ पाहिले, त्यांत एकही गिऱ्हाईक असं म्हणत नाही, की “वहिनी, मांडून ठेवा, सोयाबीन विकलं की देतो.” आमच्याकडे अर्धं हॉटेल त्या वहीवर चालतं. कोणाला द्यायची, कोणाला नाही, ज्याच्या घरी मयत झाली त्याच्याकडे कधी मागायची, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं आणि चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. हे व्यवस्थापन नाही तर काय आहे? दुसरी गोष्ट, तर्रीला उकळी फुटायला आणि सिलेंडर संपायला एकच गाठ. तिसरी, नवरात्रातली गर्दी आणि पायी शेगावला निघालेली मंडळी. पहाटे तीनला दार वाजवतात, “माउली, चहा होईल का?” त्यांना नाही म्हणता येत नाही आणि कित्येकांकडून पैसे घेववत नाहीत. त्याचे गुण कसे देणार? चौथी मात्र सांगायला जड जाते. काही गिऱ्हाइकं अजूनही आधी आत डोकावून बघतात, भाकरी कोण थापतंय म्हणून. आमच्याकडे ताटं धुवायला येणाऱ्या मावशींनी एकदा गर्दीत पाणी वाढलं, तर एक जण न पिता उठून गेला. त्याचे बदाम गळायला उशीर हे कारण नव्हतं. खेळ तसा भाबडाच. त्यात कोणीही कोणाच्याही हातचं खातं.

पण एका बाबतीत हे खेळ आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत आणि ते मी ठासून सांगणार आहे. खेळात बाईने उचललेल्या प्रत्येक ताटाची नोंद होते. एकही फेरी हवेत जात नाही. आपल्या देशात सरकारने २०१९ मध्ये पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात म्हणून. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. जे पुरुष असं काम करतात त्यांची ९७. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली तेव्हा आकडे आले २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! बरं, मी यात कुठे बसते? भट्टीवरचं माझं काम घरकाम म्हणायचं की धंदा? घरी विचारलं तर “आपलंच आहे ना सगळं.” आपलंच आहे, हे खरं. पण शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, शेताचा तुकडा बायकोच्या नावावर करा म्हणून. शेत आपलंच होतं की तेव्हाही! तरी नाव लावा म्हणून सांगावं लागलंच.

पोरगी आता बी.कॉम. झाली. तिला हॉटेल चालवायचं आहे. नोकरी नको, पुणे नको, हेच हॉटेल. नातेवाइकांत यावर बैठका झडल्या. एका दूरच्या मामांनी निर्वाळा दिला, की मुलगी काय हॉटेल चालवणार? मी तेव्हा त्यांच्याच पुढ्यात भजे ठेवत होते. पंचवीस वर्षं त्यांनी कोणाच्या हातचं खाल्लं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं असं नाही, पाहुणे होते म्हणून विचारलं नाही.

पोरीने मात्र एक केलं. एका रविवारी दुपारी वही घेऊन बसली आणि हॉटेलचा महिन्याचा हिशेब खेळातल्यासारखा मांडला. माल किती, गॅस किती, भाडं, लाइट बिल, मावशींचा पगार, गल्ल्यातली जमा. आणि मग तिने एक नवीन ओळ घातली, आई. कारागीर सुटीवर गेला की बदलीच्या माणसाला आम्ही दिवसाला ७०० रुपये देतो, तोच दर तिने मला लावला. महिन्याचे २६ दिवस धरून १८,२०० रुपये. वर्षाचे २,१८,४००. संध्याकाळी घरी जे निवडणं-सोलणं-वाटणं चालतं, ते तिने सध्या सोडून दिलं होतं.

ह्यांनी कागद हातात घेतला. चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली. बेरजेत चूक निघेना. मग म्हणाले, “एवढे तर हॉटेलात सुटतही नाहीत गं.”

“तेच तर,” पोरगी म्हणाली. “हॉटेल नफ्यात आहे असं आपण म्हणतो ना, तो नफा नाहीये बाबा. तो आईचा पगार आहे.”

मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मला आधी ह्यांचीच दया आली. चारला उठणारा माणूस, आणि त्याच्या हातात आयुष्यभराचा नफा म्हणून जे होतं ते असं एका ओळीत निघून गेलं. त्याच रात्री मला रागही आला. आणि तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारी बाराला, गर्दी असताना, मावशींना भट्टीपाशी उभं करून बाहेरच्या बाकावर बसून ताट वाढून घेतलं आणि जेवले. गल्ल्यावरून ह्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत. पाण्याचा जग तेवढा पुढे सरकवला.

आता पोरीचा हट्ट आहे, भागीदारीचा कागद करायचा. तीन नावं, ह्यांचं, माझं, तिचं, आणि दर महिन्याला माझी ओळ वहीत पडलीच पाहिजे, देणं जमो न जमो, मांडायची तरी. पुतण्या आता बंगळूरला असतो, त्याचा फोन आला होता. तो म्हणाला, काकू, हे खरं मॅनेजमेंट. जाऊबाई म्हणाल्या, तुझं झालं की माझ्या शेताच्या उताऱ्याचं बघू. चिखलीच्या वकिलांनी मसुदा करून दिलाय, स्टँपपेपर घरात येऊन पडलाय. हे नाही म्हणत नाहीत. म्हणतात, सोयाबीन निघू द्या, लोकांची उधारी वसूल होऊ द्या, मग सही करतो.

पोरगी म्हणते, “बाबा, म्हणजे हीपण उधारीच.”

तिने ती वहीत मांडून ठेवली आहे, तारखेसकट.